परतीच्या बोलीवर

१६ मार्च १९२६ ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑबर्न नावाच्या गावी, रॉबर्ट गॉडर्ड या क्षयातून उठलेल्या किरकोळ प्रकृतीच्या प्राध्यापकानं द्रव इंधनावर चालणारं जगातलं पहिलं रॉकेट सोडलं. ते अडीच सेकंद हवेत राहिलं, ४१ फूट वर चढलं आणि १८४ फुटांवर जाऊन कोबीच्या शेतात पडलं. शेत गॉडर्डच्या एफी आत्याचं. विज्ञानाचा इतिहास सांगणारे त्या अडीच सेकंदांवर पानंच्या पानं लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण कोबीजवळ आली की त्यांची लेखणी घाईनं पुढे सरकते. मला तिथे जरा टेकावंसं वाटतं. चंद्राकडे निघालेल्या माणसाचा पहिला मुक्काम कोबीत पडावा, ही गोष्ट मला मोठी धीराची वाटते. एफी आत्या त्या वेळी मनात काय म्हणाली असेल, याची मी कधीकधी कल्पना करतो. पोरगा हुशार आहे, प्रश्नच नाही. पण वर पाठवलेली वस्तू खाली कुठे येणार, याचा विचार हा करतो की नाही?

हा काल्पनिक प्रश्न अगदी मनावर घेतलेली एक जमात अमेरिकेत आहे. दिसायला ती साधीच असते. निवृत्त यंत्रकामगार, शाळामास्तर, दातांचा डॉक्टर, एखादा टपालवाला. शनिवारी सकाळी ही मंडळी घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि पुठ्ठ्याची लांबलचक रॉकेटं गाडीत घालून कुठल्याशा माळावर जमतात, दिवसभर आकाशाकडे बघून माना अवघडून घेतात आणि संध्याकाळी चेहरे उन्हानं लाल करून घरी जातात. त्यांना उद्योग नाहीत असं नव्हे. असलेल्या उद्योगांतून त्यांनी ही पळवाट काढलेली आहे. अर्ध्याहून अधिक आयुष्य उत्तर इलिनॉयमध्ये काढल्यावर, साठी समोर दिसू लागली असताना, मीही त्या वाटेला लागलो. माझ्या वयाचे मराठी लोक इथे पेटी शिकतात, ज्ञानेश्वरीच्या वर्गाला जातात, नाहीतर पुण्यात फ्लॅट घेऊन त्याच्या भाडेकरूची काळजी करत बसतात. मी एका खोक्याची ऑर्डर दिली.

आता त्या खोक्याची पत सांगायला हवी, कारण ही मुलांची रॉकेटं नव्हेत. मोटरमधून मिळणाऱ्या एकूण जोराला इथे इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. आपल्या बाराखडीत क पुढे सरकला की त्याला काना मिळतो, वेलांटी मिळते, फार तर डोक्यावर अनुस्वार; इथे अक्षर एक घर पुढे सरकलं की जोर थेट दुप्पट. ‘ए’ची कमाल अडीच न्यूटन-सेकंदांची, ती शाळकरी पोरांच्या हाती. तिथून दुप्पट होत होत ‘जी’पाशी १६० भरतात. त्यापुढची ‘एच’ घ्यायची म्हणजे मग ‘हाय-पॉवर’ची वेस ओलांडणं आलं. संघटनेचं सभासदत्व हवं, उडवण्याच्या दिवसापुरतं आकाश विमान प्रशासनाकडून मागून घेतलेलं हवं, आणि पहिल्या पायरीची परीक्षा द्यायला हवी.

ती परीक्षा मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. आपण स्वतः बांधलेलं रॉकेट जाणत्या सभासदाच्या डोळ्यांदेखत ‘एच’ किंवा ‘आय’ मोटरवर सोडायचं आणि त्याच्या टेबलावर परत आणून ठेवायचं. किती उंच गेलं, कोणी विचारत नाही. किती वेगानं गेलं, शेजारच्याच्या रॉकेटपेक्षा जास्त की कमी, त्याचीही नोंद नाही. मोटर बदलून आहे तसं पुन्हा उडवता येईल अशा धडधाकट अवस्थेत ते छत्रीनं उतरून परतलं, की पास. ज्याच्या बालपणी शेजारच्या घरातल्या मुलाचे टक्के आपल्या घरातल्या भिंतीवर उमटत, त्या माणसानं ही नियमावली वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा वाचली. ‘सुखरूप घरी ये’ एवढीच अट घालणारी परीक्षा जगात असू शकते, हे कळायला पंचावन्न-अठ्ठावन्नचं वय उजाडावं लागलं.

या जमातीचा मूळपुरुष चपलाबुटांचा दुकानदार होता. ऑर्व्हिल कार्लाइल त्याचं नाव, नेब्रास्का राज्यातलं नॉरफोक त्याचं गाव, आणि शोभेच्या दारूचा त्याला नाद. त्याचा भाऊ विमानांच्या प्रतिकृतींचा शौकीन, आणि रॉकेटच्या उड्डाणावर व्याख्यानं द्यायचा. त्याला दाखवायला काहीतरी हवं म्हणून १९५४ मध्ये ऑर्व्हिलनं कागदी नळीचं, बदलत्या मोटरचं, आणि हे महत्त्वाचं, छत्रीनं खाली येणारं छोटं रॉकेट तयार केलं. पुढे १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फिरू लागला आणि अमेरिकेतला प्रत्येक होतकरू मुलगा घरामागे लोखंडी नळीत काहीबाही ठासून स्वतःचा स्पुटनिक करू लागला. बोटं गेली, डोळे गेले. व्हाइट सँड्स इथल्या क्षेपणास्त्र केंद्रावर काम करणारे हॅरी स्टाइन या पोरांच्या काळजीनं लिहीत होते. त्यांचा लेख वाचून कार्लाइलनं स्पुटनिकच्या आधीच आपले नमुने त्यांच्याकडे पाठवले होते; आता मुलांच्या हातातली लोखंडी नळी जाऊन तिथे कागदाची आली. मोटरी भराभर बनवायला कोलोरॅडोतल्या व्हर्न एस्टस या फटाकेवाल्याच्या मुलानं यंत्र तयार केलं. त्या यंत्राचं नाव ‘मेबल’. बुटांचं दुकान, काळजीवाहू लेखक आणि मेबल नावाचं यंत्र. एवढ्या घरगुती कुळातून आलेला छंद पुढे परतीबद्दल इतका हळवा निघाला, यात नवल नाही.

खोकं आलं. बायकोनं ते दारातून आत घेतलं आणि म्हणाली, “गालिच्याच्या आतला नळा मागवलास का? गालिचा कुठेय?” तिचं चुकलं असं म्हणवत नव्हतं. चार इंच व्यासाचा जाड पुठ्ठ्याचा नळा, त्यात बसणारा बारीक नळा, प्लायवुडची कडी, प्लायवुडचेच पंख, प्लास्टिकचं पोकळ नाक, घडी घातलेली छत्री आणि मोजून चार पानी सूचना. उंची जोडून माझ्या खांद्याला लागेल एवढी. जगातली कुठलीही मोठी इच्छा सुटे भाग करून खोक्यात भरली तर तिचं वजन किती कमी भरतं, ते अशा वेळी कळतं. सूचनांच्या पहिल्या पानावर आकाशाचा, वेगाचा, अंतराळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. नळ्यावर सरळ रेघ मारा, एवढंच होतं.

गोल नळ्यावर सरळ रेघ मारून बघावी. पट्टी एका जागी टेकते आणि दोन्ही बाजूंना घसरते; पेन्सिल सरळ जाते आहे अशी आपली खात्री असते आणि रेघ मात्र वेलीसारखी नळ्याभोवती चढत जाते. माळावरच्या एका म्हाताऱ्यानं यावर तोडगा सांगितला होता: दाराची चौकट. नळा चौकटीच्या कोपऱ्यात दाबून धरायचा आणि लाकडाच्या कडेनं पेन्सिल ओढायची. दार आणि भिंत यांच्या भेटीत एक सरळपणा असतो, तो उसना घ्यायचा. मी एकेक चौकट तपासत घरभर फिरलो. बाथरूमची चौकट वाकडी निघाली. देवघर ज्या खोलीत आहे तिची सरळ होती, म्हणून काम तिथे मांडलं.

देवघराशेजारी आणखी एक सोय होती. इलिनॉयच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये इपॉक्सी धरत नाही. डब्यावर लिहिलेल्या अर्ध्या तासाचं तिला काही सोयरसुतक नसतं. ती रात्रभर चिकट डोळ्यांनी आपल्याकडे बघत राहते. देवघराच्या कोपऱ्यात मात्र जमिनीतून भट्टीची गरम हवा येते. पंख नळ्याच्या चिरेतून आत घालून मधल्या नळीपर्यंत पोचवायचे, तिथे चिकटवायचे, मग बाहेरून पंखाचा बुंधा आणि नळ्याची भिंत यांच्या कोपऱ्यात इपॉक्सीची गोलाई भरायची. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे मधासारखी ओघळणारी इपॉक्सी आणि स्पिरिटमध्ये बुडवलेलं बोट. ते बोट एका ओघात, मधे न थांबता, वरून खाली आणायचं. माझी आजी चुलीच्या कडेला मातीचा हात फिरवायची, त्या हाताची आठवण माझ्या बोटाला कुठून आली कोण जाणे. पण तिसरी-चौथी गोलाई भरताना ते बोट माझं राहिलं नव्हतं. एक बाजू भरली की ती सुकेपर्यंत रॉकेट आडवं ठेवायचं, मग फिरवायचं, मग दुसरी बाजू. घाई चालत नाही. जगातल्या सर्वांत वेगवान वाहनाची घडण अशी विलंबित लयीत चालते, आणि द्रुत यायच्या आधी कलाकार दोनदा झोपून उठतो.

अशाच एका सुकण्याच्या काळात घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बेसमेंट आवरता येतं. अर्धवट वाळलेली इपॉक्सी हलवता येत नाही. त्यामुळे रॉकेट देवघराशेजारी उभंच राहिलं, करडं, बिनरंगी, डोक्यावर नाक चढवून. बायका आल्या, वाण घेतलं, तिळगूळ झाला आणि कोणी त्याच्याकडे बघितल्याचं दाखवलं नाही, कारण आमच्या मंडळात दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल न विचारण्याची चांगली पद्धत आहे. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या साताऱ्याच्या एका काकू मात्र सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“हे काय हो?”

“रॉकेट आहे, काकू. उडवायचं आहे उन्हाळ्यापर्यंत.”

“म्हणजे वाहनच की,” असं म्हणून त्यांनी करंगळीनं नाकाच्या टोकाला हळद लावली, वर कुंकू लावलं, अक्षता नाहीत म्हणून दोन तीळ ठेवले आणि मागे न बघता चहाकडे गेल्या. पुढे नाकाला पॉलिश पेपर मारायची पाळी आली तेव्हा मी टोकाची नखाएवढी जागा सोडून बाकीचं घासलं. तिथे प्रायमर जरा उंचवट्यानं बसला. वाऱ्याच्या शास्त्राच्या दृष्टीनं हा दोष आहे, पण तो दूर करायला मन धजलं नाही.

याच दिवसांत मला आमच्या सांगलीच्या वाड्यातला दिवाळीचा बाण आठवत राहिला. सोड्याच्या रिकाम्या बाटलीत उभा केलेला, काडी बारीक, डोकं जड. ती काडी नसती तर बाण जागच्या जागी भिरभिरला असता. माझ्या रॉकेटचे पंख जे काम करतात ते ती एकटी करायची. वात पेटवून आम्ही खांबाआड पळायचो. तो गेला की गेलाच. कुठल्या तरी कौलांवर, गच्चीवर, नदीच्या अंगाला पडायचा. मोठी माणसं ‘वा’ म्हणायची आणि लगेच पुढच्या बाणाकडे बघायची. सकाळी आम्ही मुलं गल्लीभर हिंडून, पन्हळीतून आणि अंगणांतून जळक्या काड्या गोळा करायचो. त्यांचा आमच्या खेळात काही उपयोग नव्हता. तरी त्या पडू देववत नसत. आजी जुडी हातातून घ्यायची आणि भाऊबीजेच्या अंघोळीच्या बंबात सारायची. थोडा विचार केला तर आपल्याकडच्या बाणांना परत यायला कधी कोणी सांगितलंच नाही. मराठ्यांच्या फौजेत बाण होते. हैदर-टिपूच्या फौजेतले लोखंडी नळ्यांचे बाण तर इंग्रजांनी विलायतेला नेले आणि त्यांवरून विल्यम काँग्रीव्हनं आपली रॉकेटं बनवली. ते गेले, लागले, संपले. जाणं हाच त्यांचा धर्म होता.

इथे मात्र सूचनांची चार पानं वाचता वाचता ध्यानात येतं की जाण्याविषयी जेमतेम एक पान आहे. बाकीची तीन येण्याविषयी. मोटर दोनेक सेकंदांत जळून संपते. त्यानंतर रॉकेट मिळालेल्या वेगावर मुकाट चढत राहतं, आणि मोटरीच्या पोटात एक विलंबाचा तुकडा शांतपणे जळत असतो. सेकंदांचा हिशेब आपण आधीच करून ठेवलेला असतो: चढ संपून रॉकेट जिथे क्षणभर ना वर ना खाली असतं, बरोबर तिथे तो तुकडा चिमूटभर काळ्या दारूला पेटवतो. नळ्यात दाब वाढतो, नाक उडतं, छत्री बाहेर पडते. नाक आणि धड एकमेकांपासून तुटू नयेत म्हणून मधे रॉकेटच्या तिप्पट-चौपट लांबीची जाड दोरी असते. छत्री जळू नये म्हणून तिच्याखाली आगरोधक औषध मारलेला कागदी लगदा कोंबतात. घरांच्या पोटमाळ्यावर उबेसाठी पसरतात तोच, करडा, ओलसर दिसणारा, गोळे गोळे होणारा. या जमातीत त्याला ‘कुत्र्याची ओकारी’ म्हणतात. गंभीर चर्चेतही म्हणतात. बायकोनं एकदा जेवताना विचारलं, की आज बेसमेंटमध्ये काय काम आहे, आणि मी खरं उत्तर दिलं.

नळ्याला एक बारीक भोकही पाडावं लागतं. वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ होते, आतली कोंडलेली हवा फुगते, आणि तिला वाट नसेल तर ती वेळेआधीच नाक ढकलून देते. इतक्या निगुतीनं बांधलेल्या नळ्याला स्वतःच्या हातानं भोक पाडताना माझा हात जरा अडखळला. पण कोंडलेल्या हवेला सुईएवढी का होईना वाट हवी, हे तत्त्व मला पटलेलं आहे. एकत्र कुटुंबात वाढलो आहे.

सगळ्यांत नाजूक काम नाकाचं. ते नळ्यात किती घट्ट बसावं, याला आकडा नाही. सैल असेल तर वेग मंदावताच निसटतं. घट्ट असेल तर ऐन वेळी सुटत नाही आणि सगळं लटांबर तोंडावर जमिनीत रुततं. म्हणून नाकाच्या बुडाला मास्किंग टेपचा एक वेढा द्यायचा, रॉकेट नाकाला धरून उचलायचं. धड लटकून राहायला हवं. मग हलकासा हिसका द्यायचा. आता सुटायला हवं. टेप एक वेढा कमी, अर्धा वेढा जास्त, पुन्हा उचल, पुन्हा हिसका. माझा मुलगा कॉलेजसाठी सिअॅटलला गेला त्या वर्षी त्याच्या आईनं आणि मी हाच प्रयोग टेलिफोनवरून बराच काळ चालवला होता. त्यात टेपची सोय नव्हती.

आईला हे सगळं व्हिडिओवर दाखवलं. ती सांगलीला असते. फोन कपाळाशी धरत असल्यामुळे मला तिचं गंध आणि पंखा एवढंच दिसतं. मराठी शाळेत चाळीसेक वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झालेली बाई, तिला कशाचंही आश्चर्य पटकन वाटत नाही.

“किती वर जाणार म्हणालास?”

“हजार-बाराशे फूट.”

“आणि परत?”

“छत्री आहे, आई. मिनिटभरात खाली येतं.”

“येतं ना परत? मग बरंय,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून तिनं विचारलं, की यंदा गणपतीला मी येणार आहे, की पुढच्या वर्षी.

रंग भडक नारिंगी दिला. सौंदर्यदृष्टी इथे गवतात हरवते, म्हणून शोधायला सोपा तो रंग चांगला. प्रत्येक रॉकेटला नाव देण्याची रीत आहे. ती बहुतेक क्षेपणास्त्रांची, गरुडांची, संतापलेल्या देवांची असतात. मी ‘चंडोल’ ठेवलं. गात गात सरळ वर चढतो आणि ज्या माळावरून निघाला त्याच माळावर उतरतो, असा दुसरा पक्षी मला माहीत नाही. नळ्यावर नाव देवनागरीत लिहिलं, खाली इंग्रजीत माझा टेलिफोन नंबर, कारण हरवलेली रॉकेटं शेतकऱ्यांना मक्याच्या कापणीत सापडतात आणि ते बिचारे फोन करतात.

उडवायला आम्ही विस्कॉन्सिनच्या हद्दीत, रिचर्ड बाँग यांच्या नावाच्या माळावर गेलो. या माळाची कथाही अर्ध्यावरची आहे. रिचर्ड बाँग हे दुसऱ्या महायुद्धातले नावाजलेले लढाऊ वैमानिक, विस्कॉन्सिनचेच. १९५० च्या दशकात त्यांच्या नावानं इथे जेट विमानांचा मोठा तळ व्हायचा होता. जमीन सपाट झाली, साडेबारा हजार फुटी धावपट्टी आखून झाली, आणि काँक्रीट ओतायला तीन दिवस उरलेले असताना, १९५९ मध्ये, वरून निरोप आला की तळ रद्द. कुठलंही बॉम्बफेकी विमान तिथून कधी उडालं नाही. आता तिथे प्रेअरीचं कमरेएवढं गवत आहे, कुत्र्यांना शिकवायला लोक येतात, तळ्यावर बदकं, आणि एका कोपऱ्यातून पुठ्ठ्याची रॉकेटं. साम्राज्याच्या आराखड्याला याहून चांगलं वळण लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सुरक्षा अधिकारी म्हणून बसलेल्या आजोबांनी चंडोल हातात घेतलं, पंख हलवून पाहिले, नाक धरून उचललं, हिसका दिला आणि मान डोलावली. वजनाचा मध्य कुठे, वाऱ्याच्या दाबाचा मध्य कुठे, हे मी खुणांनी दाखवलं. पहिला दुसऱ्याच्या पुढे किमान एका व्यासानं असला तर रॉकेट वाऱ्यात तोंड सांभाळतं. जेम्स बॅरोमन या नासातल्या अभियंत्यानं १९६६ मध्ये छंदवाल्यांना जमेल असं हे गणित मांडून दिलं, तेव्हापासून कागदावर आधीच कळतं. मग त्यांचं बोट देवनागरी अक्षरांवरून हळूच फिरलं. अर्थ विचारला, मी सांगितला. “आमच्याकडे मेडोलार्क असतो,” ते म्हणाले, “पण तो कुंपणावर बसून गातो.” नाकावरच्या उंचवट्यावर त्यांचं बोट थांबलं. ते काही बोलले नाहीत. वयस्कर माणसांना कशाबद्दल विचारू नये, ते कळतं.

‘एच’ मोटरपासून शंभर फूट लांब उभं राहायचं असतं. उलटी गणती सुरू झाली आणि सगळा माळ एकदम वयानं लहान झाला. पाच म्हणेपर्यंत लोक सँडविच खात होते. तीनला खुर्च्यांवरून उठले. शून्यानंतर अर्धा क्षण काहीच झालं नाही, आणि मग आवाज कानांच्या आधी बरगड्यांना लागला. मी बघायचं ठरवलं होतं तितकं बघता आलं नाही. पांढऱ्या धुराची एक ताठ रेघ होती. जी मला देवघराच्या चौकटीला धरून इतक्या मिनतवाऱ्या करून मारावी लागली होती ती आकाशात विनासायास मारलेली. चंडोल तिच्याही वर, डोळ्यांना पुरेनासं. मग मोटर विझली. ही सगळ्यांत लांब सेकंदं. तोंडानं सगळे मोजत असतात आणि कोणाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. बायको, जी केवळ सॅलडची भांडी सांभाळायला आली होती, तिनं माझं मनगट धरलेलं होतं. आणि मग, भर सभेत अडलेलं नाव अचानक आठवावं तशी छत्री उघडली.

खाली येताना रॉकेट वाऱ्याबरोबर बरंच दूर गेलं. शोधायची युक्ती अशी, की ते गवताआड बुडालं त्या रेषेतली क्षितिजावरची एक खूण नजरेत धरायची आणि काहीही झालं तरी नजर न सोडता चालत राहायचं. माझी खूण होती एक वाकडं झाड. पायांखाली ओढा लागला तरी झाडाकडेच बघायचं. बूट भिजले तरी झाड. वाटेत दुसऱ्याचं एक निळं रॉकेट सापडलं, त्याचा मालक पाठीमागून हाका मारत होता; त्याला माझं झाड दाखवून ठेवलं आणि रॉकेट नेऊन दिलं, तोवर झाडं दोन झाली होती. शेवटी नारिंगी दिसला. चंडोल कुशीवर निजला होता, छत्री गवताच्या तुऱ्यांवर पसरलेली, एका पंखाला माती. पोटातून कागदी ओकारी सांडली होती, तेवढाच काय तो प्रवासाचा पुरावा.

परीक्षकांनी टेबलावर आडवं घेऊन बोट प्रत्येक गोलाईवरून फिरवलं. दोरी ओढून पाहिली, नळ्याची कड तपासली, फॉर्मवर सही केली. मी विचारलं, किती उंच गेलं असेल? खांदे उडवून ते म्हणाले, “फॉर्मवर तो रकाना नाही.” आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

रात्री, म्हणजे सांगलीच्या सकाळी, आईला फोन केला. पास झालो, सांगितलं. पुढच्या पायरीला ‘जे’ मोटर असते आणि तिला लेखी परीक्षा, हेही सांगितलं. वर घाईनं घातलं, की तशी सोपी आहे, प्रश्नपेढी आधीच छापलेली मिळते.

पंख्याखालचं गंध जरा हललं. “प्रश्न आधीच मिळतात? मग ती कसली परीक्षा रे,” आई म्हणाली. “बाहेरचेही दोन-चार करून जा.”